डोक्यात रक्तस्राव, तरीही रक्त पातळ करायचं औषध : एका बाळंतिणीचं प्रकरण

वय २४, पहिली खेप, सिझेरियन, बाराव्या दिवसाची बाळंतीण. पहाटे उजव्या पायाला झटके सुरू झाले, ते हातात चढले आणि मग सगळं अंग आखडलं. माहेर सासवडजवळ. घरच्यांनी आधी कांदा हुंगवला, मग १०८ ला फोन केला. गाडी दिवे घाट उतरून हडपसरमार्गे पुण्यात आमच्याकडे पोचली तेव्हा झटके थांबले होते. पण ती पुरती शुद्धीवर नव्हती आणि उजवी बाजू ढिली पडली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि उपचार तसेच ठेवले आहेत.)

एका बाजूची शक्ती गेलेला रुग्ण अपघात विभागात आला की सगळे घड्याळाकडे बघतात, आणि ते बरोबरच आहे. स्ट्रोक म्हटल्यावर जो नेहमीचा रुग्ण डोळ्यांपुढे येतो त्याची मेंदूला रक्त नेणारी धमनी बंद झालेली असते. सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत तो आला आणि सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नसला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. मोठी धमनी बंद असेल तर जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढता येते. त्या उपचाराचा फायदा २०१५ साली एकापाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी दाखवला, आणि २०१८ पासून निवडक रुग्णांत ही मुदत २४ तासांपर्यंत गेली आहे. ही सगळी धावपळ मेंदूत रक्त आणणाऱ्या नळ्यांसाठी असते. या मुलीचा बिघाड रक्त बाहेर नेणाऱ्या नळ्यांत होता.

मेंदूतलं वापरलेलं रक्त बारीक शिरांमधून कवटीच्या आतल्या मोठ्या शिरा-नाल्यांत येतं. डॉक्टर त्यांना सायनस म्हणतात. सर्दीत भरतात ते सायनस वेगळे. त्यातली सर्वांत मोठी नाली डोक्याच्या मधोमध, भांगाच्या रेषेखालून मागे जाते, मग डाव्या-उजव्या बाजूंना वळून मानेतल्या शिरेत उतरते. तिथे गुठळी झाली की त्याला सेरेब्रल व्हीनस थ्रॉम्बोसिस म्हणतात. आमच्या वॉर्डात त्याला सगळे ‘सीव्हीटी’ म्हणतात. एकूण स्ट्रोकमध्ये याचं प्रमाण अर्धा ते एक टक्का, म्हणजे दुर्मीळच. पण तो गाठतो तरुणांना, त्यातही पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट स्त्रियांना. आणि वेळेत ओळखला तर बरा होण्याची शक्यता धमनीच्या स्ट्रोकपेक्षा कितीतरी चांगली असते.

डोकेदुखीची चौकशी

निदान स्कॅनमध्ये पक्कं झालं, पण त्याची दिशा मुलीच्या आईच्या बोलण्यातून मिळाली. आठव्या दिवसापासून मुलीनं डोकं धरलं होतं. घरात तीन कारणं चर्चेत होती. मावशीच्या मते कान उघडे राहिले आणि वारं लागलं. नवऱ्यानं ऐकलं होतं की पाठीत भुलीचं इंजेक्शन दिलं की डोकं दुखतंच. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या होत्या.

यातलं दुसरं कारण अगदीच निराधार नव्हतं. पाठीतून भूल दिल्यावर मणक्यातलं पाणी सुईच्या छिद्रातून थोडं झिरपतं आणि डोकं दुखतं. पण ते दुखणं बहुधा पहिल्या पाच दिवसांत सुरू होतं आणि त्याची चाल ठरलेली असते : उठून बसलं की ठणकतं, आडवं पडलं की उतरतं. म्हणून मी मुलीच्या आईला विचारलं, “मावशी, ती आडवी पडली की बरं वाटायचं का तिला?”

“कुठलं बरं हो? उलट झोपली की जास्त. रात्र रात्र उशीला टेकून बसायची. पहाटे तर नुसती कण्हायची. काल दोनदा उलटी झाली आणि म्हणाली, धूसर दिसतंय.”

झोपल्यावर वाढणारी, पहाटे छळणारी, रोज चढत जाणारी डोकेदुखी, जोडीला उलटी आणि धूसर नजर. हे डोक्यातला दाब वाढल्याचं वर्णन झालं. सीव्हीटीच्या दहातल्या जवळजवळ नऊ रुग्णांत डोकेदुखी असते आणि बऱ्याचदा आधी काही दिवस ती एकटीच असते. बाळंतिणीच्या बहुतेक डोकेदुख्या साध्याच असतात, जागरणाच्या, अर्धशिशीच्या. प्रत्येकीचा एमआरआय करा असं मी म्हणणार नाही. पण “झोपल्यावर वाढतं की कमी होतं?” हा प्रश्न फुकट आहे. तो दाई, नर्स, नणंद, कुणीही विचारू शकतं.

आठव्या दिवसापर्यंत काय काय साठत गेलं तेही आईकडूनच कळलं. मे महिना. खोलीची खिडकी बंद, डोक्याला स्कार्फ, कॉटखाली शेगडी. पाणी मोजून, कारण बाळंतिणीनं जास्त पाणी प्यायलं तर पोट सुटतं, असं आजीचं ठाम मत. गरोदरपणात हिमोग्लोबिन कमी होतं, पण लोहाच्या गोळ्यांनी मळमळायचं म्हणून त्या कपाटातच राहिल्या. आजीला दोष द्यायचा माझा विचार नाही. याच पद्धतीनं घरोघरी बाळंतपणं झाली आहेत आणि बहुतेक सुखरूप झाली आहेत. मात्र बाळंतपणात रक्त गोठण्याकडे आधीच झुकलेलं असतं (प्रसूतीतला रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गानं केलेली ती तजवीज), त्यात शस्त्रक्रिया, त्यात पांडुरोग, आणि वर अंगातलं पाणी कमी. एकेकटं कारण निभावून जातं. सगळी एकत्र आली की एखादीला महागात पडतं.

पहिले दोन तास

बाळंतिणीला फिट म्हटल्यावर पहिला संशय एक्लॅम्प्शियाचा, म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांचा. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत तो होऊ शकतो आणि त्याचा उपचार वेगळा, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच बोलावलं. रक्तदाब १२८/८२, लघवीत प्रथिनं नाहीत, प्लेटलेट आणि यकृताच्या चाचण्या ठीक. त्यावरचं औषध, मॅग्नेशियम, तयार ठेवलं होतं, द्यावं लागलं नाही. साखर ९६. फिट पुन्हा येऊ नये म्हणून लेव्हेटिरॅसिटाम शिरेतून सुरू केलं.

तपासणीत दोन गोष्टी बोलक्या निघाल्या. एक, डोळ्याच्या पडद्यावर जिथून मज्जातंतू निघतो तिथे सूज होती. रोज वाढणारी डोकेदुखी असलेल्या रुग्णाच्या डोळ्यांत ऑफ्थॅल्मोस्कोपनं डोकवायला दोन मिनिटं लागतात, तरी हल्ली हे काम स्कॅनवर ढकललं जातं, हे मला खटकतं. दुसरी गोष्ट म्हणजे उजवा पाय हातापेक्षा जास्त लुळा होता आणि फिटही पायातूनच सुरू झाली होती. मेंदूची मधली मोठी धमनी बंद होते तेव्हा बहुधा उलट असतं, हात आणि चेहरा जास्त जातात. पायाचं केंद्र मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीत, वरच्या मोठ्या नालीच्या अगदी शेजारी असतं.

साध्या सीटीत डाव्या बाजूला, भांगाजवळ, वेडावाकडा रक्तस्राव आणि भोवती सूज दिसली. कुठल्याच एका धमनीच्या हद्दीत ती जागा बसत नव्हती. मधली नाली नेहमीपेक्षा पांढरी दिसत होती. या आजारात साधा सीटी अगदी नॉर्मलही येऊ शकतो, म्हणून संशय असेल तर शिरांचा नकाशा, म्हणजे व्हेनोग्राफी, मागावीच लागते. आमच्या रुग्णाच्या एमआर व्हेनोग्राफीत मधली नाली आणि डावीकडची आडवी नाली, दोन्हींत प्रवाह दिसेना.

सासऱ्यांचा प्रश्न

रक्तस्राव असल्यामुळे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बादच होतं. मी लिहून दिलं एनॉक्सापॅरिन, पूर्ण डोस : वजन ५२ किलो, म्हणून साधारण ५० मिलीग्रॅम, दर बारा तासांनी पोटाच्या त्वचेखाली. हे रक्त पातळ ठेवणारं, नवी गुठळी होऊ न देणारं हेपॅरिनचं रूप. फॉर्मवर सही करायच्या आधी सासरे थांबले.

“डॉक्टरसाहेब, रागावू नका. डोक्यात रक्त सांडलंय असं तुम्हीच म्हणालात. आणि आता रक्त पातळ करणार? मग ते थांबायचं कसं?”

रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. आमच्या निवासी डॉक्टरच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न होता, फक्त तो विचारायला धजत नव्हता.

“काका, मोरी तुंबली आणि नळ चालूच राहिला, तर पाणी उंबरा ओलांडून बाहेर येतं. आपण फडकं घेऊन पुसत बसलो तर काय होईल? आधी मोरी मोकळी करायला हवी. सुनेच्या डोक्यातून रक्त बाहेर जायची वाट बंद आहे, आत यायची चालू आहे. दाब वाढला, बारीक शिरा फुटल्या, ते हे रक्त. गुठळी वाढत राहिली तर आणखी शिरा फुटतील.”

“म्हणजे ह्या इंजेक्शननं गुठळी विरघळते?”

“इंजेक्शन तिला वाढू देत नाही. विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं, सावकाश.”

पटलं की नाही ते माहीत नाही, पण त्यांनी सही केली. जाता जाता एवढंच म्हणाले, “धोका नाहीच असं नाही ना?” मी म्हणालो, “नाहीच असं नाही.”

ह्या उपचारामागचा पुरावा किती, ते इथे सांगायला हवं, कारण पुस्तकात तो असतो त्याहून ठाम वाटतो. १९९१ साली जर्मनीत आइनहॉइप्ल आणि सहकाऱ्यांनी ज्या चाचणीत हेपॅरिनची तुलना औषध नसलेल्या द्रावणाशी केली, ती अवघ्या २० रुग्णांनंतर थांबवली, कारण फरक उघड दिसू लागला होता. हेपॅरिन मिळालेल्या १० जणांपैकी ८ पूर्ण बरे झाले आणि कुणी दगावलं नाही. दुसऱ्या गटात तिघे गेले. १९९९ साली नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या साठेक रुग्णांच्या चाचणीत फायद्याकडे कल दिसला, पण आकडेवारीच्या कसोटीवर तो ठाम ठरला नाही. महत्त्वाचं म्हणजे, औषध मिळालेल्या रुग्णांत, आधी रक्तस्राव असलेल्यांतही, मेंदूत त्रासदायक नवा रक्तस्राव झाला नाही. पुरावा आहे तो एवढासा. पण नंतरचा अनुभव त्याच बाजूचा आहे, आणि आज युरोप-अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की सीव्हीटीमुळे झालेला रक्तस्राव हे हेपॅरिन टाळायचं कारण नव्हे. रक्तदाबाने धमनी फुटून झालेल्या रक्तस्रावाला मात्र हा नियम लावला तर जीव जाईल. स्कॅनवरचा डाग सारखाच पांढरा दिसतो. तो कशामुळे आला ते कळल्याशिवाय हेपॅरिनला हात लावायचा नाही.

हेपॅरिन शिरेतून थेंब थेंब द्यावं की त्वचेखाली इंजेक्शन, यावर आमच्यात मतभेद झाले. न्यूरोसर्जन मित्राला ड्रिप हवी होती : शस्त्रक्रियेची वेळ आली तर ती बंद केल्यावर परिणाम लवकर ओसरतो. मुद्दा रास्त होता. पण ड्रिपची मात्रा दर काही तासांनी रक्त तपासून बदलावी लागते, आणि रात्रपाळीत ती हमखास कमी-जास्त होते. मूत्रपिंडं चांगली होती, सिझेरियनचा टाका कोरडा होता. मी इंजेक्शनवर ठाम राहिलो.

दुसऱ्या दिवशीची घसरण

बाकी उपचार साधा. उशाकडून पलंग तीस अंश वर, शिरेतून पुरेसं सलाईन. स्टेरॉइड दिलं नाही, कारण या आजारात त्याचा फायदा दिसलेला नाही. मॅनिटॉल सूज उतरवतं पण अंगातलं पाणीही काढतं, म्हणून हात राखून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जास्त गुंगीत गेली. फक्त जोरात हाक मारली की डोळे उघडायची. पुन्हा सीटी केला. रक्तस्राव तेवढाच होता, सूज वाढली होती, मेंदूची मधली रेषा चार मिलीमीटर सरकली होती. अशा वेळी काहीतरी मोठं करून मोकळं व्हावं असं सगळ्यांनाच वाटतं. नळी घालून गुठळी का काढत नाही, असं नवऱ्यानं विचारलं. त्यानं मोबाइलवर वाचलं होतं, आणि चुकीचंही वाचलं नव्हतं. फक्त ते धमन्यांबद्दलचं होतं. शिरांच्या गुठळीत हाच प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘टू-ॲक्ट’ चाचणीत झाला आणि हेपॅरिनच्या वर काही फायदा दिसेना म्हणून ती मध्येच थांबवली. क्वचित, औषधं चालू असताना रुग्ण ढासळत गेला, तर तो मार्ग अजूनही वापरतात. आम्ही तिथवर पोचलो नव्हतो.

कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया ही वेगळी गोष्ट. मेंदू दाबला जाऊन जीव जाऊ लागला तर तिच्याने प्राण वाचतात, आणि वाचलेल्यांपैकी बरेच जण पुढे स्वतःचं स्वतः करू शकतात. म्हणून कागदावर आधीच लिहून ठेवलं : एका डोळ्याची बाहुली मोठी झाली, किंवा शुद्धीचा गुण दोनने उतरला, तर रात्रीचे कितीही वाजले तरी थेट थिएटर. न्यूरोसर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांच्या सह्या घेतल्या. हे असं लिहून ठेवलं नाही तर रात्री नेमक्या निर्णयाच्या वेळी फोनाफोनीत तास जातो.

ती वेळ आली नाही. तिसरा दिवस जैसे थे. चौथ्या दिवशी सकाळी तिनं आईला विचारलं, “बाळाला कुणी पाजलं?”

बाळाला वाटी-चमच्यानं दूध जात होतं. नर्स तिचं दूध काढून देत होत्या. कारण हेपॅरिन दुधात उतरत नाही. लेव्हेटिरॅसिटाम उतरतं, तेव्हा बाळ फार सुस्त तर नाही ना एवढं बघायचं. बाळंतीण आजारी पडली की पहिली गदा दुधावर येते. इथे तशी गरज नव्हती.

कारणं शोधताना

हिमोग्लोबिन ८.१, लोहाचा साठा तळाला. बी-१२ कमी आणि होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) वाढलेलं. घर शाकाहारी, दूध चहापुरतं. पुण्यात हे नवल नाही. इथल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी असल्याचं मांडलं होतं. बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन साठतं, आणि त्याचा शिरांतल्या गुठळ्यांशी संबंध आहे. बी-१२ ची इंजेक्शनं आणि लोह सुरू केलं. यानं पुढची गुठळी टळेलच असं छातीठोक सांगता येत नाही, पण ही कमतरता एरवीही भरून काढायचीच असते.

प्रोटीन सी आणि प्रोटीन एस (रक्त नको तेवढं गोठू न देणारी शरीरातली प्रथिनं) यांच्या महागड्या चाचण्या पहिल्याच दिवशी कुणीतरी लिहिल्या होत्या, त्या मी खोडल्या. बाळंतपणात प्रोटीन एस आपोआप उतरतं, ताज्या गुठळीत दोन्ही खर्च होतात, आणि पुढे वॉरफरिनने (रक्त पातळ ठेवणारी गोळी) दोन्ही कमी दिसतात. त्या वेळी केलेला रिपोर्ट मुलीच्या कपाळी जन्मभराचा शिक्का मारतो, आणि तोही बहुधा चुकीचा.

खर्चाचं थोडक्यात : घरच्यांनी दागिना मोडायची भाषा केली तेव्हा समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवलं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. कागद पुरे होते, काम झालं.

घरी गेल्यावर

घरी सोडताना ती काठीच्या आधारानं चालत होती. वॉरफरिन सुरू झालं होतं, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये स्थिरावेपर्यंत हेपॅरिन सोबत ठेवलं होतं. नव्या गोळ्या (डॅबिगॅट्रान वगैरे) घेतल्या तर सारखं रक्त तपासावं लागत नाही, आणि सीव्हीटीत त्या चांगल्या चालतात असं २०१९ पासूनचे अभ्यास सांगतात. पण अंगावर पाजणाऱ्या आईला त्या देत नाहीत. वॉरफरिन चालतं.

जेवणाबद्दल आईची वही भरली. बाळंतिणीच्या ताटात मेथी, शेपू हमखास, आणि हिरव्या पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के वॉरफरिनच्या विरुद्ध काम करतं. म्हणून भाजी बंद करायची नाही. रोज साधारण तेवढीच खायची. आज दोन वाट्या आणि आठवडाभर काहीच नाही, असं केलं की आयएनआर झोके घेतो. डिंकाचे, अळिवाचे लाडू चालतील. बाळंतकाढा बंद, कारण त्यात नेमकं काय काय आहे ते सांगायला कुणी तयार नव्हतं. दुखलं तर पॅरासिटामॉल, ब्रुफेन नाही. पाणी भरपूर. आजीनं हे शेवटचं ऐकलं आणि दुसरीकडे बघितलं.

पाच महिन्यांनी, नवरात्राच्या तोंडावर, सासूबाईंचा फोन आला : “घट बसायचेत आणि हिची तारीख नेमकी तेव्हाच येतेय. मेडिकलमधून पुढे ढकलायच्या गोळ्या आणू का? आम्ही सगळ्या घेत आलोय.” या गोळ्यांत नॉरएथिस्टेरॉन असतं आणि शरीरात त्याचा काही अंश इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकात बदलतो. इराणमध्ये रमजानचे रोजे पुरे व्हावेत म्हणून संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत सीव्हीटी झाल्याच्या नोंदी आहेत. गर्भनिरोधक गोळ्यांचा धोका तर जुना आणि पक्का. मी नाही म्हणून सांगितलं आणि फाईलवर लाल शाईत लिहिलं : पाळी लांबवायची गोळी नाही, इस्ट्रोजेनची गर्भनिरोधक गोळी नाही, कधीच नाही. सासूबाई म्हणाल्या, “मग यंदा घटाचं थोरली करेल.” एवढ्यावर मिटलं.

वॉरफरिन सहा महिने दिलं. बाळंतपणासारखं तात्पुरतं कारण सापडलं की तीन ते सहा महिने पुरतात. त्या काळात पाळी जास्त जायची, म्हणून तांबी बसवायचं गोळी थांबेपर्यंत लांबवलं. मधल्या काळात निरोध. सहाव्या महिन्याच्या व्हेनोग्राफीत मधली नाली बरीचशी मोकळी झाली होती, डावी आडवी नाली अर्धवट. पूर्ण उघडली नाही म्हणून नवरा खट्टू झाला. बऱ्याच रुग्णांत ती पूर्ण उघडत नाही. आजूबाजूच्या शिरा काम उचलतात, आणि त्या चित्रावरून आम्ही औषध लांबवत नाही. डोळ्यांच्या पडद्यावरची सूज गेली होती आणि नजरेचा घेर पूर्ण होता. मला त्या रिपोर्टची जास्त काळजी होती.

वॉरफरिन थांबवून काही आठवडे गेल्यावर खोडलेल्या चाचण्या केल्या : प्रोटीन सी, एस आणि तसंच काम करणारं अँटिथ्रॉम्बिन, तिन्ही ठीक. गुठळ्यांना कारण ठरणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं आधीच, बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून झाली होती. दोन्ही वेळा नकारात्मक.

आता ती सासरी, हडपसरला आहे. उजव्या पायाचा अंगठा जिना चढताना अधूनमधून अडकतो. फिटची गोळी चालू आहे, ती कधी कमी करायची ते पुढच्या भेटीत ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) बघून ठरेल. दुसऱ्या मुलाला मनाई नाही. दिवस राहिल्याचं कळताच फाईल घेऊन यायचं, गरोदरपणभर आणि बाळंतपणानंतर निदान सहा आठवडे रोज हेपॅरिनचं छोट्या मात्रेचं इंजेक्शन घ्यायचं. ते टोचायला नवरा शिकला आहे.